गप्प बसवण्याची औषधे

लहान मूल असलेल्या आपल्या बहुतेक घरांत औषधांचा एक डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, नाहीतर मिठाईचा प्लास्टिकचा. तो फ्रीजवर किंवा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो आणि रात्री-अपरात्री मूल रडू लागले की खाली उतरतो. हा डबा एकदा दिवसाउजेडी उघडून पाहावा. झाकणाशी चिकट पाक वाळलेली खोकल्याची बाटली. मागच्या पावसाळ्यातल्या दुखण्याची, अर्धी उरलेली आणि तळाशी गुलाबी साका बसलेली अँटिबायोटिकची बाटली. मुदतीची तारीख छापलेला नेमका तोच कोपरा कापून गेलेली गोळ्यांची पट्टी. कोणासाठी आणले होते हे आता कोणालाच आठवत नाही असे कानात घालायचे थेंब. बाम, कापूर, ग्राइप वॉटर आणि कागदाच्या पुडीत बाळगुटीची मुळ्या-फळे. औषध मोजायचे झाकण मात्र हरवलेले असते. थर्मामीटर नसतो, असलाच तर बंद पडलेला असतो. जलसंजीवनीचे पाकीट नसते. मुलाचे वजन किती, याची कुठे नोंद नसते. एवढ्या मायेने भरलेल्या या डब्यात मुलाचा जीव वाचवू शकेल असे जवळजवळ काहीच नसते, आणि जे असते त्यातले बरेचसे त्याला अपाय करू शकेल असे असते.

हे अज्ञानामुळे होते, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. ज्या घरात मोबाइल निवडण्यापूर्वी आठवडाभर चौकशी होते, शाळेच्या प्रवेशासाठी वर्षभर आधी धावपळ होते, त्या घरात अज्ञान ही सबब टिकत नाही. कारण वेगळे आहे आणि ते मान्य करायला जड जाते. हा डबा आपण मुलासाठी भरलेला नाही, स्वतःसाठी भरला आहे. त्यातली प्रत्येक वस्तू नीट पाहिली तर एकच सूत्र हाती लागते: मूल रडायचे थांबावे, खोकायचे थांबावे, झोपावे, जुलाब बंद व्हावेत, ताप लगेच उतरावा आणि घर पुन्हा शांत व्हावे. तान्ह्या जिवाला रडण्याशिवाय दुसरी भाषा नाही. भूक, दुखणे, उकाडा, भीती, ओले दुपटे, सगळे तो रडूनच सांगतो. ते ऐकून कारण शोधायचे सोडून आपण रडण्यालाच रोग मानले आणि त्याच्यावर औषध शोधले. मुलाला बरे करणे आणि मुलाला गप्प करणे या दोन गोष्टी आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एकच समजल्या गेल्या. आपल्या घरातल्या अनेक हानींचे मूळ इथे आहे.

या वारशाचे एक उघडेनागडे रूप मुंबईने पाहिले आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची गोळी चारून जात. तिला बाळागोळी म्हणत. आई दहा-दहा तास साच्यावर उभी, चाळीच्या खोलीत मूल सांभाळायला म्हातारी किंवा जेमतेम सात-आठ वर्षांची बहीण, आणि ते मूल दिवसभर अर्धवट गुंगीत पडलेले. त्या काळच्या कामगारविषयक पाहण्यांत याच्या नोंदी आहेत. ही मुले दूध मागत नसत, कारण भुकेची जाणीवच मेलेली असे. ती वाळत जात आणि मग लोक म्हणत, दृष्ट लागली. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाळणाघर द्यायला मालक तयार नव्हता, सुट्टी द्यायला कायदा नव्हता, आणि गोळी विकायला दुकान मात्र होते. गिरणीतल्या बाईची ती लाचारी होती, पण शेतावर जाणाऱ्यांच्या आणि खात्यापित्या घरांतही मूल ‘शांत’ राहावे म्हणून अफूचे बोट चाटवले जात असे, आणि तिथे अशी कोणतीही लाचारी नव्हती. अफू गेली. मूल शांत असले म्हणजे ते ठीक आहे, हा समज मागे राहिला.

बाळगुटीचा विचार जरा थांबून करावा लागतो, कारण तिच्यात खरी माया आहे. सकाळी आजी सहाण घेऊन बसते. हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, अतिविष, बदाम, खारीक एकेक करून आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळते. कशाचे किती वेढे द्यायचे हे तिच्या हाताला ठाऊक असते, आणि ते तिला तिच्या सासूने शिकवलेले असते. या दृश्यात वाईट हेतूचा लवलेश नाही. पण ती सहाण कशी धुतली, मुळ्या कोणत्या पुडीत किती महिने पडून होत्या, पाणी उकळलेले होते का, बोटाच्या नखाखाली काय होते, हे कोणी विचारत नाही. जन्मल्यापासून सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, पाण्याचा थेंबही नाही, हे जगभरच्या आरोग्यसंस्था आणि आपले सरकार कित्येक वर्षे सांगत आहे. तरीही बाळाच्या तोंडात पहिल्याच दिवशी मधाचे बोट जाते. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून बोट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. झोप लागावी म्हणून जायफळाचे दोन वेढे जास्त दिले जातात, आणि त्या झोपेला आपण गुण आला म्हणतो. वर डोळ्यांत काजळ, नाकाकानांत तेल, टाळूवर तेलाची थापणी. नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते आणि काजळात शिसे सापडलेले आहे. प्रथा मायेच्या हातांनी चालते म्हणून तिची इजा कमी होत नाही. उलट अशा प्रथेला विरोध करणे सर्वांत अवघड जाते.

गुटी जुन्या लोकांची म्हणून तिला हसणारी सुशिक्षित घरे स्वतः काय करतात? त्यांनी सहाणेऐवजी बाटली आणली, एवढेच. ग्राइप वॉटर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात १८५१ साली विल्यम वुडवर्ड याने तयार केले आणि त्यात अनेक दशके मद्यार्क होता. मद्यार्क पुढे निघाला, तरी पोट दुखून रडणाऱ्या तान्ह्याला ते देऊन गप्प करण्याची रीत आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे तशीच आली. खोकल्याच्या औषधांचेही तेच. लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्या बाटलीतल्या औषधांनी तो लवकर बरा होत नाही. मात्र त्यातल्या काही घटकांनी गुंगी येते, आणि रात्री मूल झोपले की आपल्याला वाटते औषध लागू पडले. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट केले की, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा योग्य नाहीत. आपल्या डब्यातल्या बाटलीवर हे वाचले आहे असा पालक किती घरांत सापडेल?

ती ऑक्टोबरची सूचना निघाली तेव्हा मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया परिसरात, मुले मरत होती. साध्या सर्दी-तापासाठी दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. परवानगी ०.१ टक्क्याची असताना त्या बाटलीत ते ४८ टक्क्यांहून अधिक होते. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणले गेले आणि त्यांतली अनेक तिथेच गेली. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या शरीरात गेले आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खात्याचा, पुरवठादारांचा आणि राजकारण्यांचा कारभार उघड्यावर मांडला. त्यानंतर चाळीस वर्षे होत आली. जम्मूमधल्या रामनगरची मुले त्यानंतर गेली, आपल्या देशातून गेलेल्या औषधाने गांबियातली सुमारे सत्तर मुले गेली. कारखानदाराचा आणि डोळे मिटून बसलेल्या खात्याचा गुन्हा निर्विवाद आहे, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्या बाटलीला गावोगावी गिऱ्हाईक कसे मिळाले, हा प्रश्न आपल्याकडे येतो. गरज नसलेले औषध मागणारे आपणच होतो. दोन दिवस खोकणारे मूल आपल्याला पाहवले नाही, आणि आपल्या त्या अधीरपणावर एक मोठा बाजार उभा राहिला.

या बाजारात डॉक्टर आणि औषध दुकानदार आहेत, तसेच आपणही आहोत. मुलाला तपासून ‘काही करायची गरज नाही, पाणी पाजा, वाट पाहा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, पण मनातून नाराज होतो आणि पुढच्या खेपेला दुसरा दवाखाना गाठतो. ‘जरा जालीम औषध द्या, उद्या शाळा आहे’ हे वाक्य दवाखान्यात रोज उच्चारले जाते. सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. गिऱ्हाईक टिकवायचे म्हणून अँटिबायोटिक लिहिले जाते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की आपण ते बंद करतो आणि उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवतो. पाण्यात कालवलेले असे औषध बहुतेक वेळा ७ ते १४ दिवसांत निकामी होते, आपण ते सहा महिन्यांनी धाकट्याला देतो. कधी शेजारणीच्या मुलालाही देतो आणि त्याला शेजारधर्म समजतो. वेष्टनावरची उभी लाल रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे सांगते, ती आपल्याला दिसत नाही. विषाणूच्या सर्दीवर ही औषधे चालत नाहीतच, पण त्यांना न जुमानणारे जंतू वाढतात. उद्या त्याच मुलाला खरोखर न्यूमोनिया झाला तर ज्या औषधाने ते वाचले असते, त्याची धार आपण आजच बोथट करून ठेवलेली असते.

सर्वांत मोठी क्रूरता आपण जुलाबांच्या बाबतीत केली, आणि ती इतकी सहज केली की तिला क्रूरता म्हणावे हेही आपल्याला सुचले नाही. मुलाला हगवण लागली की त्याचे पाणी तोडायचे, दूध बंद करायचे, ‘पोटाला विश्रांती’ द्यायची, ही शिकवण घराघरांत होती आणि अजून आहे. शरीरातून पाणी आणि क्षार वाहून चाललेले, जीभ कोरडी पडलेली, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश मागे जाणारी, अशा मुलाने पाण्याच्या भांड्याकडे हात केला तर तो हात मागे ओढायचा. किती मुले जुलाबाने गेली आणि किती तहानेने मारली गेली, याचा हिशेब आता कोणीच मांडू शकणार नाही. उलट पाणी पाजले तर काय होते, हे एका साथीने दाखवले. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि क्षार मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. आज अशाच मिश्रणाच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या (ओआरएस) पाकिटाला काही रुपये पडतात, आशाताईंकडे ते फुकट मिळते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे साठ टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे दिसते, आणि सोबत द्यायचे झिंक मिळाले ते सुमारे तीस टक्क्यांना.

जीव वाचवणारी इतकी स्वस्त वस्तू आपल्या डब्यात का नाही? कारण तिने जुलाब थांबत नाहीत. ती फक्त गेलेले पाणी भरून काढते आणि आतडे आपले आपण बरे होईपर्यंत मुलाला जिवंत ठेवते. त्यासाठी कोणीतरी वाटी-चमचा घेऊन तासन्‌तास मुलापाशी बसावे लागते, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटघोट पाजावे लागते. आपल्याला एका गोळीत जुलाब बंद करणारे औषध हवे असते, आणि मोठ्यांच्या तशा गोळ्या लहान मुलाच्या आतड्याची हालचाल बंद पाडून त्याला संकटात टाकतात. या आळसाचा फायदा घेणारेही लगेच उभे राहिले. साखरेने भरलेली रंगीत पेये ‘ओआरएस’ नावाने खोक्यांतून विकली गेली. त्या साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे एकट्या झगडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे नाव अशा पेयांवर वापरण्यास मनाई केली. इतकी वर्षे दुकानातून ते खोके उचलून आजारी मुलाला पाजणारे आपण त्यावरची बारीक अक्षरे का वाचत नव्हतो?

तापाच्या बाबतीत आपण दोन टोकांना जातो. कोणी मुलाला गोधडीत गुंडाळून खोलीची दारे बंद करतो, कोणी बर्फाचे पाणी कपाळावर ओततो. आकडीच आली तर कांदा हुंगवतो, चप्पल नाकाला लावतो, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतो. अशा वेळी मुलाला एका कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तसेच रुग्णालयात न्यावे. पॅरासिटामॉलचा हिशेब तर घरोघरी अंदाजाने चालतो. त्याचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला सुमारे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरे. पण ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले औषध असेल तर त्याला ६ मिलिलिटर लागतात, २५० चे असेल तर ३, आणि मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर अवघे दीड. तेच थेंब आजोबांनी स्वयंपाकघरातल्या चमच्याने भरून पाजले तर तिपटीहून जास्त औषध पोटात जाते, आणि असे वारंवार झाले तर यकृत निकामी होते. मूल आजारामुळे दगावले, असेच मग सगळे म्हणतात.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. अशी बातमी आली की शहरातला माणूस हळहळतो, संतापतो आणि अंधश्रद्धा म्हणून बाजूला होतो. तो संताप योग्य आहे, पण त्यातला दुरावा खोटा आहे. चटका देणारी म्हातारीही मुलाला बरे करायलाच निघालेली असते. तिच्या पाड्यावर रात्री गाडी नसते, दवाखान्यात डॉक्टर नसतो. आपल्या दाराशी दोन्ही असूनही आपण उरल्यासुरल्या बाटलीने तेच करतो. तिच्या चटक्याचा डाग दिसतो, आपला दिसत नाही. आणि हे बदलता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेड्यातली जेमतेम शिकलेली बाई जे शिकली ते पदवीधर आई-बापांना जमत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जमत नाही त्याचे कारण बुद्धीत नाही, घरातल्या अधिकारात आहे. तान्ह्याला काय द्यायचे, याचा निर्णय आपल्या घरांत त्याच्या आईच्या हाती नसतो. ती दवाखान्यात ऐकून आलेली असते की सहा महिने वरचे काही द्यायचे नाही. पण घरी सासूबाईंनी गुटी उगाळून ठेवलेली असते आणि ‘आम्ही काय मुले वाढवली नाहीत?’ या प्रश्नाला सुनेने उत्तर द्यायचे नसते. मूल आजारी पडले की बोलणी मात्र तिलाच खावी लागतात: हिने थंड खाल्ले, हिचे दूध बाधले. बाप या सगळ्यात कुठे असतो? तो बाटली आणून देतो आणि तेवढ्याने आपले कर्तव्य झाले असे मानतो. त्याला मुलाचे वजन ठाऊक नसते, लशीचे कार्ड कुठे आहे हे ठाऊक नसते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. त्या दुःखाने त्यांना शिकायला भाग पाडले, आणि १८८६ साली त्या अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांचे छायाचित्र आपण पाठ्यपुस्तकात छापतो, त्यांचे कौतुक सांगतो, आणि घरात त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या दुप्पट वयाच्या शिकलेल्या सुनेला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार देत नाही. मुलगी आजारी असली तर दवाखाना एक दिवस उशिरा आठवतो, हेही याच घरातले सत्य आहे आणि ते आपल्या सर्वांना माहीत आहे.

तेव्हा डबा रिकामा करण्यापासून सुरुवात केली पाहिजे. मुदत संपलेले, कशाचे ते न कळणारे, अर्धे उरलेले सगळे बाहेर काढावे. डॉक्टरने या मुलाला, या आजारासाठी, या वेळी दिले नसेल ते अँटिबायोटिक घरात ठेवू नये. पाच वर्षांखालच्या मुलासाठी खोकल्याची बाटली ठेवू नये. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्या देशात बंद आहे. ठेवायचे ते थोडेच आहे: चालू स्थितीतला थर्मामीटर, एकाच प्रमाणाचे पॅरासिटामॉल, मिलिलिटरच्या खुणा असलेली सुईविना पिचकारी, जलसंजीवनीची चार पाकिटे आणि ती एक लिटर पाण्यात कालवायची हे लक्षात ठेवायला लिटरचे भांडे, डॉक्टरच्या सल्ल्याने झिंक, स्वच्छ कापूस आणि पट्टी, साधा साबण. डब्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवावा आणि त्यावर मुलाचे वजन, तारीख, औषधाची मात्रा, जवळच्या रुग्णालयाचा आणि १०८ चा क्रमांक लिहावा. डबा मुलाच्या हाताला न लागेल अशा कुलपाच्या कपाटात असावा. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, आईच्या लोहाच्या लाल गोळ्या, कापूर, डांबरगोळ्या, थंड पेयाच्या बाटलीत भरलेले रॉकेल, हे सगळे लहान मुलासाठी विषच आहे.

आणि काही वेळा डबा उघडायचाच नसतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, मूल दूध ओढेना, आकडी आली, अंग थंड पडून सुस्त झाले, हगवणीतून रक्त पडले, तर घरातले कोणतेही औषध देत न बसता रुग्णालय गाठावे. खोकणाऱ्या मुलाचा सदरा वर करून घड्याळ समोर धरावे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो साधा खोकला नव्हे. यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. मुलाकडे पूर्ण एक मिनिट नीट पाहायची तयारी लागते, आणि तीच आपण आजवर टाळत आलो.

सतीची चाल गेली, विधवांचे केशवपन गेले. ज्यांनी ते बंद केले त्यांनाही ‘पूर्वापार चालत आले आहे’ हेच ऐकवले गेले होते. बाळागोळीही पूर्वापार होती आणि ती गेली. नाळेला शेण-राख लावल्याने नवजात बाळे धनुर्वाताने मरत, आणि तो धनुर्वात २०१५ मध्ये आपल्या देशातून जवळजवळ हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मुलाला गप्प करण्याची ही रीतही जाईल. ती आपल्या पिढीत जाणार की आणखी काही मुलांचा बळी घेऊन जाणार, एवढेच ठरवायचे आहे. मूल बोलू शकत नाही, मत देऊ शकत नाही, न्यायालयात उभे राहू शकत नाही. आपण त्याच्या घशात जे ओतू ते त्याला गिळावे लागते. अशा असहाय जिवावर आपला सर्वांत मोठा अधिकार चालतो, म्हणून आपली सर्वांत मोठी जबाबदारीही त्याच्याबद्दलच आहे. वाचकहो, आज घरी गेल्यावर तो डबा खाली काढा, सुनेला आणि लेकाला शेजारी बसवा, आणि त्यातली एकेक बाटली हातात घेऊन विचारा की ही मुलासाठी आहे की आपल्या सोयीसाठी. ज्या बाटलीचे उत्तर ‘सोयीसाठी’ असे येईल, ती पुन्हा डब्यात ठेवू नका.